कुलूप लावलं होतं, तरी शॉक बसला

वाचकाचं पत्र:

"मी मेंटेनन्समध्ये फिटर आहे. तिरक्या कन्व्हेयरचा गिअरबॉक्स बदलायचा होता. वायरमनने मोटरजवळचा आयसोलेटर, म्हणजे सप्लाय तोडायचा स्विच, बंद केला, कुलूप घातलं, टॅग लावला. आयसोलेटरवर मीटर धरून 'सप्लाय नाही' म्हणाला. मोटरच्या टर्मिनल बॉक्समधल्या तारा सोडवताना मला जोरात शॉक बसला. हात झटकला गेला म्हणून वाचलो. सुपरवायझर म्हणतात, 'एखादी वायर राहिली असेल, चालायचंच.' वायरमन म्हणतो, 'मी तर कुलूप लावलं होतं.' किल्ली त्याच्याच खिशात होती, माझं कुलूप नव्हतंच. आता हेच काम दुसऱ्या लाइनवर आहे. तिथे मोटर ड्राइव्हवर, म्हणजे वेग कमीजास्त करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीवर, चालते आणि बेल्ट ताणायला हवेचा सिलिंडर आहे. नक्की काय काय बंद करायचं, आणि 'पाच मिनिटांचं काम आहे, स्टॉप दाबून उरकून टाक' असं कुणी म्हटलं तर काय सांगायचं?"

नमस्कार,

गिअरबॉक्सचं नंतर, आधी तुमचं. शॉक एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून किंवा पायातून बाहेर पडला असेल, तर त्याची वाट छातीतून गेलेली असते. डॉक्टरांना दाखवलं नसेल तर आज दाखवा. किती व्होल्टचा होता, कुठून शिरला असेल, हे नीट सांगा आणि ईसीजी काढून घ्या. धडधड, छातीत दुखणं, हाताला मुंग्या यांपैकी काहीही होत असेल तर उद्यावर ढकलू नका. आणि घटनेची लेखी नोंद करा: तारीख, मोटर नंबर, कोणती तार हातात होती, कोणता स्विच बंद होता. ही नोंद नसली तर 'चालायचंच' हेच त्या घटनेचं शेवटचं वाक्य ठरेल.

आणि ते मुळीच चालायचं नाही. माणसाच्या शरीराचा रोध घामाने ओल्या हाताला 1000 ओहमच्या आसपास येतो. 240 व्होल्टला हिशेब केला तर 240 मिलिअँपियर होतात. साधारण 10 मिलिअँपियरलाच मूठ आखडते आणि पकडलेली तार सोडता येत नाही. माणसांच्या संरक्षणासाठी बसवायचा अर्थ लीकेज ब्रेकर 30 मिलिअँपियरचा असतो, यावरून 240 किती जास्त आहेत ते कळेल. तुमचा हात झटकला गेला तो बोटांच्या पाठीला तार लागली म्हणून असेल. तीच तार मुठीत असती तर गोष्ट वेगळी होती.

आता शॉक आला कुठून? कुलूप जागेवर होतं, वायरमन खोटं बोलत नाही, आणि तरीही बॉक्समध्ये व्होल्टेज होतं. जागेवर न बघता पैजेवर सांगता येत नाही, पण संशय दोन ठिकाणी जातो.

पहिला संशय स्पेस हीटरवर. मोटर थांबल्यावर वाइंडिंगवर ओल धरू नये म्हणून बऱ्याच मोटरींच्या पोटात एक छोटा हीटर बसवलेला असतो. त्याचा सप्लाय मोटरच्या मेन केबलमधून येत नाही. वेगळ्या एमसीबीवरून, कधीकधी तर लाइटिंगच्या सर्किटवरून, दोन बारीक तारांनी तो त्याच टर्मिनल बॉक्समध्ये येतो. आणि तो जोडलेला असतो कॉन्टॅक्टरच्या (मोटरचा सप्लाय जोडणाऱ्या-तोडणाऱ्या, कॉइलवर चालणाऱ्या स्विचच्या) अशा संपर्कातून, जो मोटर बंद झाल्यावर मिटतो. म्हणजे मोटर बंद पडली की नेमका तेव्हाच हीटर चालू होतो! मोटरचा आयसोलेटर खाली ओढून कुलूप घातलं तरी या दोन तारा जिवंतच राहतात. आयसोलेटरवर मीटर धरणाऱ्याला त्या दिसणारही नाहीत.

दुसरा संशय आयसोलेटरवरच. हँडल ऑफवर गेलं म्हणून आतली तिन्ही पाती सुटलीच असं नाही. जुना, लोडवर ओढून ओढून जळलेला आयसोलेटर असेल तर एखादा संपर्क वितळून चिकटलेला असतो. कधी हँडलचा दांडा आतून तुटलेला असतो आणि बाहेर नुसतीच मूठ फिरते. तीन फेजना आर, वाय, बी म्हणतात. समजा आर फेजचं पातं चिकटलं, वाय आणि बी सुटली, आणि मागे पॅनेलमधला कॉन्टॅक्टर मिटलेला आहे किंवा मधेच कुणी स्टार्ट दाबला. आर फेजचं व्होल्टेज मोटरच्या वाइंडिंगमधून फिरून तिन्ही टर्मिनलवर येतं. करंटला परतीची वाट नसते, म्हणून मोटर गप्प. आता मीटर आर-वायला लावा: शून्य. वाय-बीला: शून्य. बी-आरला: शून्य. तिन्ही टर्मिनल एकाच व्होल्टेजवर आहेत, मग त्यांच्यातला फरक शून्यच येणार. तोच मीटर कुठल्याही टर्मिनलवर आणि अर्थवर धरा: 240. नुसतं फेज-टू-फेज बघून 'सप्लाय नाही' म्हणणारा माणूस इथे फसतो, आणि पुढे हात घालणारा फिटर असतो.

याशिवाय ब्रेक मोटर असेल तर ब्रेकच्या कॉइलच्या तारा, पुल-कॉर्ड स्विच (दोरी ओढून कन्व्हेयर थांबवायचा) आणि पुढच्या कन्व्हेयरशी जोडलेल्या इंटरलॉकच्या (एक थांबला की दुसऱ्याला अडवणाऱ्या) तारा दुसऱ्या पॅनेलवरून जिवंत असू शकतात. यूपीएसवर असलेला कंट्रोल सप्लायही मेन स्विच ऑफ केल्याने जात नाही. म्हणून दुसऱ्या लाइनवर हात घालण्याआधी वायरमनला सोबत घेऊन ड्रॉइंग उघडा आणि टर्मिनल बॉक्समध्ये येणाऱ्या प्रत्येक केबलचं दुसरं टोक कुठे आहे ते शोधा. ग्लँड, म्हणजे केबल बॉक्समध्ये शिरते ती तोंडं, मोजा. तीन ग्लँड असतील आणि तुम्हाला दोनच केबलींचा पत्ता माहीत असेल, तर काम सुरू करू नका.

व्होल्टेज तपासायचं ते जिथे हात जाणार तिथेच, म्हणजे टर्मिनल बॉक्सचं झाकण उघडून. झाकण उघडण्यापासून तपासणी संपेपर्यंत सगळं जिवंत आहे असंच धरायचं. ते काम इन्सुलेटेड हातमोजे घालून वायरमन करेल, तुम्ही नाही. त्याच्याकडून हे करून घ्या आणि शेजारी उभं राहून बघा. आधी मीटर एखाद्या हमखास चालू असलेल्या जागी लावून आकडा दाखवतोय याची खात्री करायची. मग बॉक्समध्ये आर-वाय, वाय-बी, बी-आर. मग तिन्हींपैकी प्रत्येक टर्मिनल ते अर्थ. मग बॉक्समधली उरलेली प्रत्येक तार अर्थशी आणि तिच्या जोडीच्या तारेशी, एसीवर आणि डीसीवर दोन्ही, कारण ब्रेकच्या कॉइलला बऱ्याचदा डीसी असतो. शेवटी मीटर पुन्हा त्याच चालू जागी. हा शेवटचा फेरा लोक हमखास गाळतात. मीटरची लीड प्रोबच्या मानेपाशी आतून तुटते, बाहेरून अखंड दिसते, आणि मोजता मोजता तुटली तर पुढचे सगळे आकडे शून्य येतात. शेवटी चालू जागी आकडा आला, तरच मधल्या शून्यांना अर्थ आहे. आणि ज्या अर्थ बोल्टवर प्रोब टेकवला, तो खरोखर अर्थला जोडलेला आहे हेही बघा. रंगावर टेकवलेला प्रोब शून्यच दाखवतो.

निऑनचा टेस्टर या कामाला नको. तो पेटतो ते धरणाऱ्याच्या शरीरातून जाणाऱ्या बारीक करंटवर. रबरी मॅटवर, कोरड्या लाकडावर उभं राहिलं की तो मंद होतो, उन्हात दिसत नाही, आणि डीसीवर त्याचा भरवसा धरता येत नाही. केबलजवळ नेल्यावर आवाज करणारं पेनही तसंच: आर्मर्ड केबलच्या बाहेरून त्याला काही कळत नाही, डीसी तर अजिबात नाही. कुठे सप्लाय आहे ते पटकन शोधायला ही साधनं ठीक, पण सप्लाय नाही हे ठरवायला दोन प्रोबचा व्होल्टेज टेस्टर किंवा चांगला मल्टिमीटरच हवा. मल्टिमीटर असेल तर लाल लीड 10 अँपियरच्या भोकात राहिलेली नाही ना, हे दर वेळी बघायचं. तिथे राहिली तर मीटर म्हणजे दोन फेजमधला सरळ शॉर्ट असतो, आणि तोंडासमोर आर्क उठते.

लांबच्या केबलवर मल्टिमीटर कधी 40-60 व्होल्ट दाखवतो आणि लोक 'इंडक्शन आहे' म्हणून पुढे जातात. शेजारच्या चालू केबलमुळे असं होतं हे खरं. पण इंडक्शन आहे हे ठरवायला लो इम्पिडन्सची सोय असलेला मीटर लावून बघा. आकडा कोसळला तर इंडक्शन. नाही कोसळला तर सप्लाय कुठून येतोय ते सापडेपर्यंत थांबायचं.

आता तुमची दुसरी लाइन. ड्राइव्हच्या पोटात कपॅसिटर असतात. 415 व्होल्ट एसी आत येतो, त्याचा डीसी होतो साधारण 560 ते 590 व्होल्ट, आणि मेन बंद केल्यावरही तो काही मिनिटं तसाच साठून राहतो. किती मिनिटं थांबायचं ते ड्राइव्हच्या लेबलवर छापलेलं असतं. लहान ड्राइव्हला 5, मोठ्याला 15 मिनिटं असे आकडे सहज दिसतात. लेबलवरचा आकडा पाळा आणि त्यानंतरही वायरमनला डीसी प्लस आणि डीसी मायनस टर्मिनलवर मीटर डीसीवर ठेवून मोजायला लावा. मीटर चुकून एसीवर राहिला तर 500 व्होल्ट डीसीवरही तो शून्य दाखवू शकतो. समोरचा चार्जचा दिवा विझला यावर जाऊ नका. दिवा जळालेलाही असतो आणि कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टरही. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये आयसोलेटर असला, तरी गिअरबॉक्सच्या कामाला कुलूप ड्राइव्हच्या इनकमिंगला घाला. ड्राइव्ह आधी कीपॅडवरून थांबवा, मग आयसोलेटर ओढा. ओढताना पॅनेलच्या बाजूला उभं राहायचं, दरवाजा मिटलेला, तोंड वळवलेलं.

मोटर परमनंट मॅग्नेटची असेल तर आणखी एक गोष्ट. तिचा शाफ्ट फिरला की ती जनरेटर होते. कुठलाही स्विच चालू नसताना, बेल्ट मागे सरकून मोटर फिरली तरी टर्मिनलवर व्होल्टेज उभं राहतं. म्हणजे ही मोटर थांबवून ठेवणं हादेखील विजेच्या कामाचाच भाग झाला.

आणि इथेच तुमच्या कामातला सगळ्यात मोठा धोका आहे, ज्याचा पत्रात उल्लेखही नाही. तुमचा कन्व्हेयर तिरका आहे. भरलेला बेल्ट खाली घसरू नये म्हणून जे काही अडवून धरतं, म्हणजे बॅकस्टॉप किंवा मोटरचा ब्रेक, ते बहुतेक वेळा गिअरबॉक्सवर किंवा मोटरवरच असतं. तुम्ही गिअरबॉक्स सोडवता म्हणजे तेच काढता. कपलिंगचा, म्हणजे शाफ्ट जोडणाऱ्या सांध्याचा, शेवटचा बोल्ट निघाला की हेड पुली (बेल्ट ओढणारी वरची पुली) मोकळी होते आणि मालाच्या वजनाने बेल्ट उलटा धावतो. त्या वेळी हात कपलिंगपाशी असतो. विजेचं कुलूप इथे काहीही करत नाही.

म्हणून दुसऱ्या लाइनवर क्रम असा ठेवा. बेल्ट चालवून रिकामा करा. माल अडकून बंद पडला असेल तर भरलेलाच आहे असं धरून पुढचं सगळं करा. विजेचं कुलूप घाला. मग बेल्ट क्लॅम्पने स्ट्रक्चरला पकडा, वरचा आणि परतीचा दोन्ही पट्टे. नुसती दोरी किंवा चेन गुंडाळणं म्हणजे क्लॅम्प नव्हे. क्लॅम्प बसल्यावरच टेंशनरची हवा काढा. आधी हवा काढली तर ताण सुटतो, बेल्ट सरकतो आणि क्लॅम्प लावणाऱ्याचा हात मध्ये सापडतो.

हवेला कमी लेखू नका. 63 मिलिमीटर बोअरचा सिलिंडर 6 बारला सुमारे 190 किलोच्या जोराने दाबतो. लाइनचा व्हॉल्व्ह बंद केला म्हणून सिलिंडरमधली हवा जात नाही. शटऑफ व्हॉल्व्ह असा हवा की बंद केल्यावर पुढच्या बाजूची हवा बाहेर सोडेल, आणि त्यावर कुलूप बसेल. सिलिंडरवर चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) असेल, किंवा मधल्या स्थितीत सगळी तोंडं मिटणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारा) व्हॉल्व्ह असेल, तर शटऑफ बंद करून पुढची हवा सोडली तरी सिलिंडरमध्ये हवा कोंडलेलीच राहते. गेज शून्य दाखवतो तो त्याच्या जागेवरचा दाब. सिलिंडरपाशी ड्रेन असेल तर तो सावकाश उघडा. नसेल तर रॉड पिनने किंवा ठोकळ्याने अडवल्याशिवाय पाइप सोडायचा नाही. सिलिंडरऐवजी काउंटरवेटचा टेकअप, म्हणजे लटकत्या वजनाने बेल्ट ताणायची सोय, असेल तर वजन उचलून पिनवर टेकवा. चेन ब्लॉकवर लटकतं ठेवून खाली जाऊ नका.

आता कुलूप. तुमच्या मूळ घटनेत वायरमनचं कुलूप वायरमनला वाचवत होतं. तो चहाला गेला असता, त्याची शिफ्ट संपली असती किंवा दुसऱ्या बिघाडावर कुणी बोलावलं असतं, तर किल्ली तुमच्या मर्जीबाहेर फिरली असती. ज्याचा हात यंत्रात, त्याचं कुलूप स्विचवर. प्रत्येकाचं एक, त्याला एकच किल्ली, आणि ती त्याच्या खिशात. मास्टर किल्ली नको, कपाटात दुसरी किल्ली नको. एका स्विचवर चार जणांची कुलपं बसवायला हॅस्प मिळतो, त्यात साधारण सहा भोकं असतात. बंद करायच्या जागा पाच आणि माणसं सहा असतील तर कुलपांची पेटी वापरा: पाचही जागांच्या कुलपांच्या किल्ल्या पेटीत टाकायच्या आणि पेटीवर प्रत्येकाने आपापलं कुलूप घालायचं. टॅगवर नाव, खातं, तारीख, वेळ आणि कशासाठी हे लिहा. नुसता टॅग म्हणजे विनंती. सुतळीने बांधलेला टॅग बाजूला करून हँडल वर जातं.

फ्यूज काढून खिशात ठेवला की झालं, असंही बरेच जण मानतात. त्याच मापाचा दुसरा फ्यूज स्टोअरमध्ये असतो, आणि लाइन का बंद आहे हे शोधणारा माणूस तो आणून बसवतो. रिकाम्या जागीही कुलूप हवंच.

शिफ्ट बदलताना येणारा आधी आपलं कुलूप घालेल, मगच जाणारा काढेल. घरी गेलेल्याचं कुलूप राहिलं तर कटर आणण्याआधी त्याला फोन, तो आवारात नाही याची खात्री, यंत्राभोवती प्रत्यक्ष फेरी, वरिष्ठाची लेखी सही, आणि तो पुन्हा कामाला हात लावण्याआधी त्याला तोंडी सांगणं. यातलं एकही गाळायचं नाही. कुलूप राहिलंय म्हणजे माणूस आत असू शकतो.

कुलूप घातल्यावर स्टार्ट बटण दाबून बघा आणि स्विच परत बंद स्थितीत आणा. यंत्र सुरू झालं तर चुकीचा आयसोलेटर ओढलाय हे लगेच कळतं. उलट ते सुरू झालं नाही, तर त्यातून फारसं काही सिद्ध होत नाही, कारण एखादा इंटरलॉकही अडवत असेल. म्हणून मीटरची तपासणी बटणाने भागत नाही.

'पाच मिनिटांचं काम' म्हणणाऱ्याला उत्तर साधं द्या: स्टॉप बटण, इमर्जन्सी स्टॉपसुद्धा, कॉन्टॅक्टरची कॉइल सोडतं, बस. कॉन्टॅक्टरच्या वरचं सगळं जिवंत राहतं. कॉन्टॅक्टरचे संपर्क चिकटू शकतात, कंट्रोलच्या तारेत शॉर्ट होऊन तो आपोआप ओढू शकतो, आणि कंट्रोल रूममधल्याला तुम्ही दिसत नाही. त्याला लाइन उभी दिसते, तो रीसेट मारतो. हे रागावून सांगायची गरज नाही. सुपरवायझरची अडचणही खरी आहे, त्याला उत्पादनाचा हिशेब द्यायचा असतो. त्याला वेळ वाचवून द्यायचा असेल तर तो इथे वाचतो: प्रत्येक यंत्रावर एक पक्का तक्ता लावा, त्यात वीज कुठल्या पॅनेलच्या कुठल्या स्विचवर, हीटर कुठल्या एमसीबीवर, हवा कुठल्या व्हॉल्व्हवर, बेल्ट कुठे क्लॅम्प करायचा, ड्राइव्हला किती मिनिटं थांबायचं, हे फोटोसकट. कुलपं आणि हॅस्प त्याच जागी पेटीत. शोधाशोध संपली की खरा वेळ उरतो तो ड्राइव्हच्या कपॅसिटरचा, आणि तेवढ्यात बेल्टचे क्लॅम्प बसतात.

काम झाल्यावर एक गोष्ट तुमच्या गिअरबॉक्सपुरती. मोटरच्या तारा सोडून पुन्हा जोडल्या आहेत, म्हणजे दिशा बदललेली असू शकते. नव्या गिअरबॉक्सला बॅकस्टॉप असेल तर उलट्या दिशेने पहिला झटका बसताच तो फुटू शकतो. म्हणून कपलिंग जोडण्याआधी मोटरला एक क्षणभर सप्लाय देऊन दिशा बघायची. त्यासाठी सगळ्यांनी बाजूला होऊन, हत्यारं मोजून, माणसं मोजून, आपापली कुलपं काढायची. चाचणी झाली की सगळी कुलपं पुन्हा, आणि मीटरची तपासणी पुन्हा पहिल्यापासून. 'आत्ताच तर बघितलं होतं' हे इथे चालत नाही, मध्ये सप्लाय येऊन गेलाय. कपलिंग आणि गार्ड बसल्यावर, क्लॅम्प काढून, मग टेंशनरमध्ये हवा सावकाश भरा आणि शेवटी वीज द्या.

पहिल्या लाइनचा आयसोलेटर मात्र तसाच सोडू नका. पॅनेलवरून बंद करून, कुलूप घालून, तो उघडून तिन्ही पाती डोळ्यांनी बघायला लावा, आणि टर्मिनल बॉक्समधल्या हीटरच्या तारांना लेबल लावून घ्या. हे होईपर्यंत त्या मोटरचं कुठलंही काम पॅनेलवरच्या कुलपाखालीच करा.